कोव्हॅलंट बंध ‘कमजोर’ म्हणून मेल्टिंग पॉइंट कमी? पोरीच्या नोट्समधल्या एका वाक्यावरून

त्रिमूर्तीनगरची_आई
नमस्कार मंडळी, विज्ञानवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या. मुलगी यंदा दहावीत, क्लासची सुट्टीतली बॅच सुरू झालीय आणि त्यांनी छापील नोट्स दिल्यात (कुठला क्लास ते सोडा, सगळीकडे तेच चालू आहे). त्यात आयनिक (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन जुळलेली) आणि सहसंयुज म्हणजे कोव्हॅलंट (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जुळलेली) संयुगांतला फरक असा तक्ता आहे आणि उजव्या बाजूला लिहिलंय की सहसंयुज बंध कमजोर असल्यामुळे द्रवणांक (मेल्टिंग पॉइंट) व उत्कलनांक (बॉइलिंग पॉइंट) कमी असतो, उदाहरण साखर. आता आमच्या कार्टीने विचारलं की मग हिऱ्याचं काय, त्यात तर सगळे सहसंयुज बंधच आहेत ना. सरांनी म्हणे सांगितलं, हिरा अपवाद आहे, तू नोट्समध्ये आहे तेच लिही. झालं, तेव्हापासून घरात हाच विषय, जेवतानासुद्धा. मी कॉमर्सवाली, दहावीनंतर केमिस्ट्रीचं तोंड पाहिलेलं नाही. ते वाक्य बरोबर आहे का, आणि नसेल तर खरं कारण काय? सोप्या भाषेत सांगा, पण सोपं करायच्या नादात खोटं नको.

निवृत्त_लॅबवाला
ताई, आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. वाक्य सरळ सरळ चूक आहे, आणि हिरा अपवादबिपवाद काही नाही.

आकड्यांतच बघा. हवेतला नायट्रोजन घ्या. त्याच्या रेणूत दोन अणू तीन इलेक्ट्रॉन-जोड्या वाटून घेऊन बसलेत, आणि तो बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) ९४५ किलोज्यूल लागतात. आता मिठाचा खडा पार मोकळा करून सगळे सोडियम आणि क्लोराइड आयन एकमेकांपासून लांब न्यायचे तर ७८७ लागतात. म्हणजे इथे सहसंयुज बंधच दणकट निघाला, तरी नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळून मोकळा होतो आणि मीठ ८०१ अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. नोट्समधलं खरं असतं तर आपल्याला श्वास घ्यायला नायट्रोजन मिळाला नसता, त्याची फरशी झाली असती.

भानगड अशी आहे की वितळताना किंवा उकळताना नेमकं सुटतं काय, हे त्या वाक्यात कोणी बघितलेलंच नाही. पाणी उकळलं म्हणून त्यातले हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे होत नाहीत, वाफ म्हणजे पाण्याचेच अख्खे रेणू. १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण ४१ किलोज्यूल पुरतात आणि त्याच १८ ग्रॅममधले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचे म्हटले तर ९२० च्या वर लागतात. बघा फरक. आपल्या नागपुरात मारबतीची मिरवणूक पांगते तेव्हा घरची माणसं घरच्यांसोबतच परत जातात ना, मिरवणूक मोडली म्हणून कोणाचा संसार मोडत नाही, तसं आहे हे. पाण्याला उकळवलं की मिरवणूक पांगते.

आणि मिठात असे वेगवेगळे संसारच नसतात. प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम, खडा संपेपर्यंत हेच. अमुक सोडियम अमुक क्लोराइडचा असं बोट ठेवून सांगता येत नाही, त्यामुळे मिठाचा ‘रेणू’ हा शब्दच खरं तर वापरू नये. तिथे वितळवायचं म्हणजे त्या मूळ ओढीलाच हात घालावा लागतो. हिऱ्यातही छोटे रेणू नाहीत, एकेक कार्बन चार कार्बनना बांधलेला आणि ते जाळं खड्याच्या कडेपर्यंत गेलेलं. वाळूतही तेच, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं, म्हणून ती १७०० अंशांच्या आसपास वितळते. सगळे बंध सहसंयुजच बरं का.

बर्डीवाला
काका हे सगळं ठीक हाय पण पेपरात काय लिहायचं ते सांगा न. पोट्टीनं मारबत लिहून ठेवली त मास्तर भोपळा देईन हातात 😄

एमएस्सीचा_पोट्टा
पेपरात मार्कही जात नाहीत आणि खोटंही बोलावं लागत नाही असं वाक्य आहे की. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात कार्बनच्या धड्यात स्वच्छ दिलंय की रेणूच्या आतले सहसंयुज बंध मजबूत असतात, पण रेणूरेणूंमधलं आकर्षण क्षीण असतं म्हणून द्रवणांक-उत्कलनांक कमी. नोट्स बनवणाऱ्यांनी दोन ओळींची एक ओळ केली आणि ‘रेणूंमधलं आकर्षण’ गाळून ‘बंध’ घातला, म्हणजे बरोब्बर उलटा अर्थ झाला. ताई, मुलीला एवढंच लिहायला सांगा: सहसंयुज संयुगांच्या रेणूंमधील आंतररेण्वीय बल क्षीण असते, त्यामुळे द्रवणांक कमी. कोणताही तपासणारा मार्क कापणार नाही.

अजून पटवायचं असेल तर सिलिंडरचा गॅस, पेट्रोल आणि मेणबत्ती शेजारी शेजारी ठेवा (म्हणजे मनात ठेवा, खरोखर ठेवू नका). तिन्हींत तेच कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन बंध, ताकदही जवळपास सारखीच. तरी सिलिंडरच्या गॅसमधला प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, पेट्रोलमधला ८ कार्बनवाला साधा ऑक्टेन १२६ ला, आणि मेण खोलीत घट्ट बसलेलं असतं, ५०-६० अंशांना पातळ होतं. बंध बदलले नाहीत, रेणू लांब झाले. लांब रेणू जास्त जागी एकमेकांना चिकटतात. बंध कमजोर हे कारण असतं तर तिघांचं सारखंच व्हायला पाहिजे होतं.

त्रिमूर्तीनगरची_आई
हे गॅस-पेट्रोल-मेणाचं मला पण कळलं! थँक्यू. मुलगी शेजारी बसून वाचतेय, ती विचारतेय की मग आयनिक म्हणजे द्रवणांक जास्त हे तरी नेहमी खरं का? आणि धातू अधिक अधातू म्हणजे आयनिकच, हे नोट्समध्ये चौकटीत छापलंय.

कूलर_मेकॅनिक_मानेवाडा
माफ करा मधात घुसून राहिलो पण विषय निघालाच हाय त विचारून घेतो. मी कूलरचं काम करतो, या टायमाले रोज ताट्या बदलणं चालू असते. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या वाळ्यावर, टाकीत, पंपाले, सगळीकडं पांढरा थर येते, दगडावानी. लोक म्हणतात मीठ जमलं. पण मीठ असतं त पाण्यात विरघळलं असतं न, हे त कितीबी पाणी मारा हलत नाही. मंग हे काय हाय, आणि ह्याच्यात कोणता बंध म्हणायचा?

निवृत्त_लॅबवाला
मेकॅनिक भाऊ, माफी कसली, प्रश्न नेमक्या जागी आलाय. तुमचा कूलर हा या धाग्याचा चालता-फिरता पुरावाच आहे. पाण्याचे रेणू एकेकटे सुटून हवेत जातात, त्यांना धरून ठेवणारं बल तेवढंच आहे. पण पाण्यात आलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे आयन, त्यांना हवेत उडून जाणं जमतच नाही, आपल्या ४५ अंशांत तर नाहीच नाही. पाणी जातं आणि ते मागे राहतात, रोज थोडे थोडे साठत जातात.

तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. बोअरच्या पाण्यात तो बायकार्बोनेटच्या रूपात विरघळून येतो, ताटीवर पाणी उडायला लागलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट चिकटून बसतं. ते विरघळत का नाही? लिटरभर पाण्यात मीठ ३६० ग्रॅमच्या आसपास मावतं, कॅल्शियम कार्बोनेट जेमतेम १४-१५ मिलिग्रॅम. दोन्ही आयनिकच. पण मिठात आयनांवर एकेरी प्रभार, इथे कॅल्शियमवर दोन धन आणि कार्बोनेटवर दोन ऋण. ओढ चांगलीच वाढते आणि पाण्याचे रेणू चारी बाजूंनी घेरूनही आयनांना खड्यातून उपटू शकत नाहीत. (नुसत्या प्रभारावरच सगळं ठरतं असं नाही, तुरटीत ॲल्युमिनियमवर तीन असूनही ती विरघळते, पण इथे मुख्य कारण तेच.)

आणि बंध कोणता विचाराल तर दोन्ही. कार्बोनेट हा एक आयन झाला पण त्याच्या पोटात एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी जोडलेत. बाहेर कॅल्शियमशी नातं आयनिक. एकाच थरात दोन्ही प्रकार. तक्त्याच्या डाव्या बाजूला टाकणार की उजव्या? आणि चुन्याच्या भट्टीत हाच दगड ८५०-९०० अंशांवर भाजला की आधी तुटतो तो कार्बोनेटमधला कार्बन-ऑक्सिजन बंध, कार्बन डायऑक्साइड जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. तिथे खरोखर सहसंयुज बंध आधी गेला बघा.

काढायचं असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून ताट्या नाही, पण टाकी आणि पंपाची जाळी तासभर भिजवा. आम्लाचे हायड्रोजन आयन कार्बोनेटवर जातात, बुडबुडे येतात, थर भुसभुशीत होतो, मग ब्रशने निघतो. संडासवालं ॲसिड वापरतात काही लोक, ते नका वापरू, पत्र्यावरचा जस्ताचा मुलामाच खाऊन टाकतं आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकी गळते.

कूलर_मेकॅनिक_मानेवाडा
ते ॲसिडवालं बरोबर हाय साहेब, गळक्या टाक्या घेऊन येतेत न लोकं, विचारलं का कायनं धुतली त सांगतच नाहीत. लिंबूसत्त्व करून पाहतो.

एमएस्सीचा_पोट्टा
कूलरवरून अजून एक. पाणी उडताना एवढी थंडी का पडते? ३० अंशांच्या आसपास एक लिटर पाणी उडायला २४०० किलोज्यूलच्या वर उष्णता लागते, विजेच्या भाषेत दोन तृतीयांश युनिट. म्हणजे रात्रभरात कूलरने ३० लिटर प्यायले तर २० युनिटांएवढी उष्णता त्या पाण्याने हवेतून ओढली, आणि आपण पैसे भरले फक्त पंख्याचे आणि पंपाचे.

पाण्याला एवढं लागतं कारण रेणूंमध्ये हायड्रोजन बंध आहेत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, हायड्रोजनवर थोडा धन प्रभार उघडा पडतो, तो शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. हा बंध मोलमागे २० किलोज्यूलच्या आसपासचा, आतल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या वीसेक पट हलका, पण एकेका रेणूला असे तीन-चार. फरक बघायचा असेल तर हायड्रोजन सल्फाइड घ्या, सडक्या अंड्याच्या वासाचा तो. त्यातलं गंधक म्हणजे आवर्तसारणीत ऑक्सिजनच्याच खालचं मूलद्रव्य, आणि रेणू पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट जड, म्हणजे उकळायला जास्त तापमान लागायला हवं. पण उकळतो उणे ६० ला. कारण गंधक इतकं ओढत नाही, हायड्रोजन बंध नावापुरतेच. पाण्यात हे बंध नसते तर ते पण त्याच रांगेत उणे तापमानाला उकळलं असतं आणि मग कसला कूलर न कसला अंबाझरी तलाव.

बर्डीवाला
आणि पावसाळ्यात तोच कूलर घामानं भिजवते तो भाग पण सांगा न

एमएस्सीचा_पोट्टा
हवेतच आधी भरपूर वाफ आहे, जितके रेणू सुटतात जवळपास तितके परत येऊन बसतात. बंधांचा दोष नाही भाऊ, जुलैचा आहे.

मनसरचा_खाणवाला
धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक ह्या चौकटीबद्दल मी बोलतो, कारण आमचा जन्म मँगनीजच्या लाल-काळ्या धुळीत गेला. मनसर, कांद्री, गुमगाव ह्या खाणी तुम्हाला माहीत आहेत, मॉइलचं (मँगनीज खाणींची सरकारी कंपनी) मुख्यालय नागपुरातच आहे, आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचा मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सुक्या सेलमध्ये जातो. तर मँगनीज हा धातू, ऑक्सिजन हा अधातू, चौकटीप्रमाणे सगळं आयनिक पाहिजे.

मँगनीज मोनॉक्साइड घ्या, मँगनीजची संयुजा २. हिरवट घट्ट पावडर, मिठासारखी रचना, वितळायला दीड हजार अंशांच्याही कितीतरी वर जावं लागतं. बरोबर, चौकटीत बसलं. आता मँगनीज हेप्टॉक्साइड घ्या, संयुजा ७. हा पण हिरवाच, पण गर्द हिरवं तेल! ६ अंशांच्या आसपास गोठतो, नागपुरात तर द्रवच राहणार, आणि जरा गरम झाला की स्फोट होतो. वेगवेगळे रेणू असलेलं पक्कं सहसंयुज संयुग. तेच दोन मूलद्रव्य. एक आम्लारिधर्मी, दुसरा आम्लधर्मी. कोणी घरी करून बघायच्या भानगडीत पडू नका, लॅबमध्येही लोक त्याच्यापासून चार हात लांब राहतात.

कारण काय, तर मँगनीजकडून ७ इलेक्ट्रॉन पूर्ण काढून घेणं हे फार महागाचं काम आहे. सात धन प्रभाराचा एवढासा आयन शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉनचा ढगच स्वतःकडे ओढून घेईल, मग देणं-घेणं कुठलं, वाटून घेणंच झालं. हे फाजान्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच सांगून ठेवलंय. धन आयन छोटा, त्याच्यावर प्रभार मोठा आणि समोरचा ऋण आयन फुगीर असेल तर बंध सहसंयुजाकडे झुकतो.

निवृत्त_लॅबवाला
वा, मँगनीजचं उदाहरण झकास. ॲल्युमिनियम क्लोराइडचंही तसंच, ताई. पाण्याविना कोरडं ॲल्युमिनियम क्लोराइड १८० अंशांच्या आसपास थेट वाफ होऊन उडतं, आणि त्याच ॲल्युमिनियमचा फ्लोराइड हजार अंशांनाही जागचा हलत नाही. फ्लोराइड छोटा न घट्ट, क्लोराइड मोठा न ढिला. धातू तोच.

आणि आयनिक म्हणजे द्रवणांक जास्तच, ह्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर घरातच आहे: तुरटी. दाढीवाली. पोटॅशियम आयन, ॲल्युमिनियम आयन, सल्फेट, सगळा आयनांचा कारभार. लोखंडी तव्यावर एक खडा ठेवा, गॅस बारीक. मिनिटभरात खालच्या बाजूने पाणावल्यासारखा होतो, मग पसरतो, खदखदायला लागतो, आणि शेवटी फुगून पांढरी हलकी लाही बनते. आजीबाई करायच्या ती फुलवलेली तुरटी हीच. वितळली कधी? ९२ अंशांच्या आसपास, पाणी उकळायच्याही आधी! कारण खड्यात आयनांच्या मध्ये पाण्याचे रेणू बसलेत, वजनाने ४५ टक्के तर पाणीच आहे. तापवलं की तुरटी आपल्याच पाण्यात विरघळते. आयनांच्या मध्ये पाणी घुसलं की ते लांब राहतात, ओढ कमी होते.

तुरटीवरून आठवलं, विदर्भात काही गावांच्या बोअरला फ्लोराइड जास्त आहे. पाण्यात ते आयन म्हणून असतं, त्यामुळे उकळून जात नाही. उलट पाणी कमी होतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही आपली मानक मर्यादा, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. आपल्या नागपूरच्या नीरीने (पर्यावरण अभियांत्रिकीची सरकारी संशोधन संस्था) जी नलगोंडा पद्धत काढली तिच्यात तुरटी आणि चुना घालतात, ॲल्युमिनियमचे गुठळ्यांसारखे पुंजके तयार होतात आणि फ्लोराइड त्यांना धरून खाली बसतं. ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड यांची जवळीक, वर सांगितली तीच, तिथे कामाला येते. १९५८ पासून ही संस्था आहे इथे, तेव्हा नाव वेगळं होतं, १९७४ पासून नीरी.

त्रिमूर्तीनगरची_आई
तुरटी केली लगेच! अगदी तसंच झालं, आधी तव्यावर पाणी सुटल्यासारखं झालं आणि मग भप्पकन फुगली. नोट्समध्ये पुढचा मुद्दा आहे विद्युतवहनाचा, त्याचाही प्रयोग केला, बाबांनी (म्हणजे माझ्या मिस्टरांनी) ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि एक रेझिस्टर जोडून दिलं. कोरडं मीठ, काही नाही. मीठपाणी, लख्ख. साखरेचं पाणी बॅटरीत घालायच्या पाण्यात केलं होतं, काही नाही. आमच्या बोअरचं साधं पाणी, मंद लागला, तेव्हा वरचं कूलर पुराण आठवलं. आणि मग तिने पेन्सिलीचं शिसं लावलं आणि लख्ख लागला! शिसं म्हणजे कार्बनच ना, सहसंयुज ना? मग?

एमएस्सीचा_पोट्टा
पेन्सिलीतलं ‘शिसं’ म्हणजे ग्रॅफाइट, कार्बनचंच एक रूप. त्यात प्रत्येक कार्बन तिघांशीच बांधलेला असतो, चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, तोच वीज नेतो. हिऱ्यात चारही गुंतलेले, म्हणून हिरा वाहक नाही. थराथरांमध्ये ओढ हलकी म्हणून कागदावर घासलं की थर सुटतात आणि अक्षर उमटतं, थराच्या आत मात्र बंध जबरदस्त. कोरड्या मिठात प्रभार भरपूर पण आयन जागच्या जागी अडकलेले. पाण्यात टाका किंवा ८०१ अंशांना वितळवा, हलायला लागले की वीज वाहते. मीठपाण्यात जास्त वेळ बॅटरी ठेवू नका, थोडा क्लोरीन सुटतो, खिडकी उघडी ठेवा. आणि घरच्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही, हे मुलीला माझ्या वतीने रागावून सांगा.

खवय्या_महाल
सगळे तव्यावर आणि बॅटरीवर, खाण्याकडे कोणाचं लक्षच नाही. तर्री पोह्यावरची तर्री रश्श्यावर तरंगते ती कशामुळे? तेलाचे रेणू लांबलचक, बहुतेक कार्बन-हायड्रोजनचे, प्रभार जवळजवळ कुठे उघडा नाही, पाण्याला त्यांच्यात काही रस नाही, ते आपसातच हायड्रोजन बंध करून बसतं. तिखटाचा लाल रंग आणि झणझणीतपणा दोन्ही तेलात जातात, म्हणून सगळी मजा वरच्या थरात. आणि म्हणूनच जास्त झालं की पाणी पिऊन काही होत नाही, मठ्ठा किंवा दूध घ्या. संत्र्याची साल फुगलेल्या फुग्याजवळ पिळली की फुगा फटकन फुटतो ते पण ह्याच खात्यातलं, सालीतलं लिमोनीन पाण्यात मिसळत नाही पण रबरात लगेच शिरतं.

बर्डीवाला
बाप्पा, आता प्रत्येक पोट्टं बड्डेले संत्रं घेऊन जाईन

मनसरचा_खाणवाला
धातूबंध राहिला की. दोन ओळीत: तांब्याच्या तारेवर हातोडी मारली तर चपटी होते, खड्याच्या मिठावर मारली तर ठिकऱ्या. मिठात थर सरकला की धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतं आणि ते एकमेकांना ढकलतात. तांब्यात इलेक्ट्रॉन सगळ्यांचे मिळून आहेत, थर सरकला तरी ते मधून सावरून घेतात.

त्रिमूर्तीनगरची_आई
मुलीचा शेवटचा प्रश्न, मग झोपायला जाणार आहे म्हणे. विद्युत ऋणतेतला (अणू इलेक्ट्रॉन किती जोराने ओढतो त्याचं माप) फरक १.७ च्या वर असेल तर आयनिक, असं क्लासच्या फळ्यावर लिहिलं होतं. त्याचं काय? आणि नोट्समधलं ते साखरेचं उदाहरण तरी बरोबर आहे का?

निवृत्त_लॅबवाला
१.७ ला अंदाज म्हणून ठेवा. पॉलिंगच्या मापाने सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक सव्वादोन, आयनिक, बरोबर. पण हायड्रोजन २.२० आणि फ्लोरीन ३.९८, फरक १.७८, म्हणजे हायड्रोजन फ्लोराइड आयनिक झाला पाहिजे. तो १९-२० अंशांना उकळतो, आपल्या उन्हाळ्यात तर वायूच. आयनिक आणि सहसंयुज ह्या दोन वेगळ्या खोल्या नाहीत, मधे भिंतच नाही. लुईस आणि कोसेल या शास्त्रज्ञांपैकी लुईसने इलेक्ट्रॉन-जोडीची आणि कोसेलने इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याची गोष्ट एकाच वर्षी, १९१६ मध्ये मांडली आणि शाळेत आपण अजून त्या दोघांच्या दोन रकान्यांतच बसलोय.

साखर मात्र उदाहरण म्हणून सगळ्यात वाईट. साखरेच्या रेणूला ८ ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या, म्हणजे शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध भरपूर. एकेक हलका, पण सगळे मिळून इतके होतात की १८५-१८६ अंशांच्या आसपास रेणू एकमेकांपासून सुटायला लागेपर्यंत आतले सहसंयुज बंधही तुटायला लागलेले असतात. कोरडी साखर कढईत तापवा: कडेने पिवळी, मग तांबूस, मग वास, मग काळी. ते नुसतं वितळणं नाही, पाणी निघून जातंय आणि नवी संयुगं बनतायत. थंड केलं तर परत पांढरी साखर मिळणार नाही, हे मुलगी स्वतः करून बघू शकते (तुम्ही शेजारी उभ्या राहा, तापलेला पाक पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतो). नोट्समध्ये उदाहरण द्यायचंच असेल तर मेण द्यावं, किंवा डांबरगोळी, ८० अंशांना वितळते, थंड झाली की परत तीच डांबरगोळी. तीसुद्धा गॅसवर नको, गरम पाण्यात परीक्षानळी उभी करून, आणि स्वयंपाकघराच्या बाहेर.